आजी, नात आणि संगणकातले आकाश

"डॉक्टर, मोबाईलमध्ये आकाश बघितलं तर डोळे बिघडतात का?"

गेल्या हिवाळ्यातील एका संध्याकाळी रक्तदाब मोजून झाल्यावर बाईंनी मला हा प्रश्न विचारला. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आमच्या भागात लहानथोर सर्वजण त्यांना 'बाई' म्हणूनच ओळखतात. चौतीस वर्षे त्यांनी शाळेत शिकवले. वय सत्तरीपुढे, दोन वर्षांपूर्वी यजमान गेले, आणि तेव्हापासून पहाटे तीनच्या सुमारास जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही, ही त्यांची तक्रार. मी झोपेची गोळी लिहून दिली होती आणि दर महिन्याला ती पुढे चालू ठेवत होतो. तीन वाजल्यापासून उजाडेपर्यंत त्या काय करतात, हे मात्र मी एकदाही विचारले नव्हते. आज कबूल करताना संकोच वाटतो. परंतु दवाखान्यातील गर्दीत असे अनेकदा घडते.

त्या दिवशी कळले, की त्या खिडकीशी बसून आकाश पाहतात. सहावीत शिकणाऱ्या नातीने हे पाहिले आणि आजीच्या मोबाईलवर तारे ओळखण्याची तीन ॲप भरून दिली. त्यांपैकी एकाने 'सात दिवस विनामूल्य' असे सांगून बँकेच्या कार्डाचा क्रमांक मागितला. बाई घाबरल्या. फसवणुकीच्या बातम्या रोजच कानी येतात. त्यांनी मोबाईल बंद करून कपाटात ठेवला आणि नात रुसली. डोळ्यांचा प्रश्न हे केवळ निमित्त होते. 'हे करू की नको' एवढेच त्यांना माझ्याकडून ऐकायचे होते.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही. परंतु रुग्णाला एखादी गोष्ट करा म्हणण्यापूर्वी ती आपण पाहिलेली असावी, या नियमाने पुढचे काही आठवडे रात्री जेवणानंतर मी ही सॉफ्टवेअर स्वतः वापरून पाहिली. त्यातून जे उमजले ते ज्येष्ठ वाचकांसाठी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्या घरच्यांसाठी येथे मांडत आहे.

विनामूल्य म्हणजे नेमके काय?

'फुकट' या शब्दाचे येथे दोन अर्थ आहेत. काही ॲप आरंभी फुकट असतात आणि चार दिवसांनी पैसे मागतात किंवा जाहिरातींचा मारा करतात. दुसरा प्रकार मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा. ते जगभरातील जाणकारांनी मिळून घडवलेले असते, त्याची आतील रचना सर्वांना पाहण्यास खुली असते आणि ते वापरण्यासाठी कोणालाही पैसे द्यावे लागत नाहीत. ज्येष्ठांच्या घरात शक्यतो या दुसऱ्या प्रकारातूनच निवड करावी.

सोपी कसोटी अशी, की आकाश दाखवण्यासाठी सॉफ्टवेअरला दोनच गोष्टी लागतात. आपण कोठे आहोत आणि आत्ता किती वाजले आहेत. म्हणून स्थान विचारले तर परवानगी द्यावी. मात्र संपर्कयादी, लघुसंदेश किंवा कार्डाचा क्रमांक मागितला, तर तेथेच थांबावे. मोबाईलमध्ये काहीही नवे घेताना घरातील जाणत्या माणसाला शेजारी बसवावे. यात कमीपणा नाही.

घरात संगणक असेल तर

घरात संगणक किंवा लॅपटॉप असेल, तर माझी पहिली शिफारस 'स्टेलेरियम' या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची. फॅबियन शेरो या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली त्याचा आरंभ केला. पुढे अनेक स्वयंसेवकांनी ते वाढवले आणि २०२२ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर ते चालते. त्यात मुळातच सहा लाखांहून अधिक तारे आहेत. आपल्या डोळ्यांना अगदी काळोख्या जागीही एका वेळी दोन-तीन हजारांपेक्षा अधिक तारे दिसत नाहीत. तेव्हा हा साठा आयुष्याला पुरून उरेल.

उघडल्याबरोबर पडद्यावर हिरवळ, क्षितिज आणि वर आकाश दिसते. मोठ्या पडद्यामुळे आजी-आजोबा आणि नातवंडे शेजारी बसून पाहू शकतात, हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. मोबाईल एकाच्याच हातात राहतो.

प्रथम 'एफ-सहा' ही कळ दाबून आपले गाव निवडावे. मग एक परीक्षा घ्यावी. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर असतो, तितकेच साधारण त्या गावाचे अक्षांश असतात. सांगली-मिरजेला सुमारे १७ अंश, पुण्याला साडेअठरा, मुंबईला १९, नागपूरला २१. हात पुढे ताणून मूठ वळली, तर ती मूठ आकाशाचे सुमारे १० अंश व्यापते. म्हणजे महाराष्ट्रात उत्तर क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर ध्रुव सापडला पाहिजे. पडद्यावर तो डोक्यावर दिसत असेल, तर गाव चुकले असे समजावे.

'सी' हे अक्षर दाबले की ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषा उमटतात आणि 'व्ही' दाबले की तारकासमूहांची नावे येतात. 'एफ-तीन'ने हवा तो तारा शोधता येतो आणि 'एफ-पाच'ने तारीख-वेळ बदलता येते. 'कंट्रोल' आणि 'एन' एकत्र दाबले, तर सारा पडदा तांबडा होतो; त्याचे महत्त्व पुढे सांगतो. आरंभाला एवढ्या कळा पुरेत. त्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवाव्यात.

एक अडचण मात्र येते. नावे बहुधा इंग्रजी वळणाची दिसतात. बाईंच्या घरी या अडचणीचाच उपयोग झाला. ओरायन म्हणजे आपले मृग, सिरियस म्हणजे व्याध, कॅनोपस म्हणजे अगस्त्य, प्लायडीज म्हणजे कृत्तिका, अल्डेबरन म्हणजे रोहिणी, स्पायका म्हणजे चित्रा, आर्क्टुरस म्हणजे स्वाती आणि अँटारेस म्हणजे ज्येष्ठा. नातीला पडद्यावरची नावे वाचता येत होती, आजीला त्या ताऱ्यांची आपल्याकडची नावे पाठ होती. दोघींनी मिळून वहीत दोन रकाने पाडले. निम्मे ज्ञान एकीकडे आणि निम्मे दुसरीकडे असले, की दोघींनाही एकमेकींची गरज भासते. घरातील वृद्धाला 'आपली अजून गरज आहे' असे वाटणे, हे माझ्या औषधांच्या यादीत नसलेले औषध आहे.

संगणकावर नवे काही भरून घेण्याची धास्ती वाटत असेल, तर याच सॉफ्टवेअरची संकेतस्थळावर चालणारी आवृत्तीही आहे. ती नुसती उघडायची आणि पाहून झाल्यावर बंद करायची. मोबाईलवरील आवृत्तीत मात्र मूळ भाग विनामूल्य असून अधिक सोयींसाठी पैसे मागितले जातात, हे ध्यानात ठेवावे.

केवळ मोबाईल असेल तर

अँड्रॉइड मोबाईलवर 'स्काय मॅप' हे साधे ॲप नवशिक्यांना पुरते. गूगलने ते २००९ मध्ये आणले आणि २०१२ मध्ये मुक्त स्रोत म्हणून सर्वांसाठी खुले केले. मोबाईल आकाशाकडे धरला, की त्या दिशेचे तारे नावांसह पडद्यावर येतात. त्यातही रात्रीसाठी तांबडा पडदा आहे.

ही जादू मोबाईलमधील होकायंत्रावर अवलंबून असते आणि होकायंत्र लोखंडाजवळ फसते. चुंबकाचे झाकण असलेले कव्हर, पोलादी खुर्ची किंवा गच्चीचा लोखंडी कठडा जवळ असेल, तर दिशा चुकते. कव्हर काढावे, कठड्यापासून दूर व्हावे आणि मोबाईल हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-तीन वेळा फिरवावा. काही स्वस्त मोबाईलमध्ये होकायंत्रच नसते. अशा वेळी बोटाने आकाश सरकवून पाहता येते. ॲप चुकले म्हणजे आपल्यालाच काही जमत नाही, असे ज्येष्ठांना फार लवकर वाटते. म्हणून हे आधीच सांगून ठेवावे.

जे पहिल्या दिवशी नको

'सेलेस्टिया' हे आणखी एक विनामूल्य सॉफ्टवेअर. त्यात पृथ्वी सोडून शनीच्या कड्यांजवळ जाता येते, म्हणून मुलांना ते फार आवडते. परंतु पडद्यावरील वेगवान भ्रमणाने काही ज्येष्ठांना मळमळते आणि गरगरते. कानाच्या आतील तोलाचा आजार किंवा अर्धशिशी असलेल्यांनी ते जपूनच पाहावे. 'केस्टार्स' हेही उत्तम आणि विनामूल्य आहे. मात्र त्याची खरी ताकद दुर्बीण जोडणाऱ्यांसाठी आहे. घरातील तरुणाला छंद जडला तर त्याने पुढे तिकडे वळावे. पहिल्याच दिवशी चार सॉफ्टवेअर भरली, तर एकही वापरले जात नाही. चार प्रकारच्या गोळ्या एकदम दिल्यावर रुग्ण एकही नीट घेत नाही, तसेच हे.

आता डॉक्टर म्हणून

बाईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की पडदा पाहिल्याने डोळे बिघडत नाहीत. ते थकतात आणि कोरडे पडतात. वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढावी. तसेही खरे आकाश बाहेरच आहे.

उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि वाढत्या वयात त्याहून अधिक. तरुणपणी अंधारात सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडणारी बाहुली उतारवयात पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमीच उघडते. सरावलेल्या डोळ्यांपुढे मोबाईलचा पांढरा पडदा क्षणभर जरी आला, तरी ती तयारी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशींवर तांबड्या प्रकाशाचा परिणाम फार कमी होतो. म्हणून तो तांबडा पडदा. विजेरीच्या काचेवर तांबडा जिलेटिन कागद बांधला, तरी तेच साधते.

आकाश डोळ्यांची परीक्षाही घेते. एक निवृत्त एस. टी. चालक हसत हसत मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्या हिच्यापेक्षा मला जास्त दिसतं. तिला एक चंद्र, मला दोन." एक डोळा झाकूनही त्यांना दोनच दिसत होते. तो मोतीबिंदू निघाला. दिव्यांभोवती आणि चंद्राभोवती मोठी वलये दिसणे, एका डोळ्याने दोन प्रतिमा दिसणे किंवा पाहतो तोच तारा नाहीसा होऊन बाजूचे दिसणे, यांपैकी काही जाणवल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. फिकट तारा सरळ पाहताना लपतो आणि किंचित बाजूला पाहिले की दिसतो, हे निरोगी डोळ्यांतही घडते. परंतु चित्रा किंवा व्याधासारखा ठळक तारा तसा लपू लागला, तर तपासणी हवीच. अंधारात अचानक विजेसारखे लखलखणे, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा पडदा ओढल्यासारखे वाटणे, ही दृष्टिपटल सुटत असल्याची चिन्हे असू शकतात. तेथे उद्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

त्याहून मोठा धोका पडण्याचा. गच्चीचा जिना, पाण्याच्या टाकीची नळी, ठेंगणा कठडा आणि अंधार, यांतून मोडलेले खुबे मी पाहिले आहेत. दुहेरी भिंगांच्या चष्म्यातून जिना उतरताना पायरी अस्पष्ट दिसते. मान मागे टाकून उभ्याने वर पाहिल्यास अनेकांना भोवळ येते. म्हणून आरामखुर्चीत रेलून पाहावे. गच्ची अवघड असेल तर अंगण, गॅलरी किंवा खिडकीही चालते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उठण्यापूर्वी मिनिटभर ताठ बसावे आणि मगच उभे राहावे. मधुमेहींनी इन्सुलिन वा गोळी घेऊन जेवण लांबवू नये आणि अंधारात अनवाणी फिरू नये. झोपेची गोळी घेतल्यानंतर गच्चीवर जाऊच नये. आणि सोबतीला कोणीतरी असावे. तसेही एकट्याने आकाश पाहण्यात निम्मीच मौज आहे.

निवडण्यापूर्वी पाच प्रश्न

१. ते खरोखर विनामूल्य आहे का, की काही दिवसांनी पैसे मागणार आहे?

२. स्थानाखेरीज अन्य खाजगी माहिती ते मागते का?

३. अक्षरे घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला चष्म्यासह वाचता येतात का?

४. त्यात तांबडा पडदा आहे का?

५. दोन माणसांना ते एकत्र पाहता येते का?

पाचवा प्रश्न मी पहिला लिहायला हवा होता. त्याचे कारण सांगून थांबतो.

१६ फेब्रुवारी १९८०

नातीच्या शाळेत ग्रहणाचा धडा झाला, त्या रात्री तिने आजीला विचारले, "आजी, तू कधी ग्रहण बघितलंयस?" बाईंनी सांगितले ते असे. १९८० साली १६ फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी, मोठे सूर्यग्रहण झाले. कर्नाटकात हुबळी-रायचूरच्या पट्ट्यातून ते खग्रास दिसले आणि सांगलीकडेही सूर्य बहुतांश झाकला गेला. बाईंना तेव्हा सातवा महिना होता. सासूबाईंनी त्यांना माजघरात बसवले, खिडक्यांवर घोंगडी टाकली आणि विळीला हात लावू नको, हालू नको असे बजावले. दोन महिन्यांनी मुलगा झाला. तोच या नातीचा बाप.

नातीने स्टेलेरियम उघडले. गाव सांगली, तारीख १६ फेब्रुवारी १९८०, वेळ दुपारची. मग सूर्य शोधून तो मोठा केला आणि काळ पुढे सरकवला. सूर्याच्या कडेला काळा घास पडला, तो वाढत गेला आणि शेवटी उजळ कोर तेवढी उरली. मग तिने गाव बदलून हुबळी केले आणि तीही कोर विझली.

"डॉक्टर," पुढच्या भेटीत बाई मला म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी फळ्यावर खडूनं तीन गोल काढून ग्रहण शिकवलं. बघितलं ते आत्ता. तेही माझ्या वाट्याचं होतं ते." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाईंचा राग नाही हो. त्यांनाही कुणी दाखवलं नव्हतं."

डॉक्टर म्हणून येथे दोन गोष्टी नोंदवतो. ग्रहणामुळे गर्भाला कोणतीही इजा होत नाही. इजा होते ती उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणाऱ्याच्या दृष्टिपटलाला, आणि ती कायमची असू शकते. २ ऑगस्ट २०२७ रोजी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. तेव्हा एक्स-रेची फिल्म मागण्यासाठी कोणीही माझ्याकडे येऊ नये. ती सुरक्षित नाही. आय.एस.ओ. १२३१२-२ हे मानक पाळणारे ग्रहणचष्मेच वापरावेत. ॲप लावून मोबाईल सूर्याकडे रोखण्याचा मोहही मुलांना होऊ देऊ नये, कारण मोबाईलमागून नजर सूर्यावर जाते. पडद्यावरचे ग्रहण मात्र कोणीही, कधीही, निर्धास्त पाहावे.

आकाशदर्शनाने बाईंचा निद्रानाश बरा झाला, असा दावा मी करणार नाही. त्यांना अजूनही पहाटे जाग येते. झोपेची गोळी आम्ही काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करत आणली आहे. वाचकांनी ती आपल्या मनाने एकदम बंद करू नये. बदलले ते इतकेच, की पूर्वी त्या जागेपणी घड्याळाकडे पाहत असत. आता खिडकीत कोणता तारा आला, हे वहीत टिपून ठेवतात आणि सकाळी नात दूध पिताना ती नोंद पडद्याशी ताडून पाहते.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला ती वही दाखवली. एका पानावर लिहिले होते, 'पहाटे ३.४०. स्वाती. ढग नाहीत.' त्याखाली नातीच्या अक्षरांत बरोबरची खूण होती आणि शेजारी लिहिले होते, 'आजी, उद्या मलाही उठव.'